फाटकाआडचे बंबवाले

पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा चाकणला स्वयंसेवी अग्निशामक दल आहे का, असे कोणालाही विचारले तर ‘नाही’ असेच उत्तर मिळेल. आग लागली की १०१ लावायचा, संत तुकारामनगरच्या मुख्य केंद्रातून किंवा जवळच्या उपकेंद्रातून महापालिकेचा बंब निघतो. चाकणच्या बाजूला असाल तर एमआयडीसीच्या बंबाची वाट पाहायची. बाकीच्यांनी रस्ता अडवू नये, यापलीकडे नागरिकांकडून कोणाची अपेक्षा नसते. पण हे उत्तर अर्धेच खरे आहे. याच पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत प्रत्येक पाळीत असे काही कामगार असतात, की ज्यांची नेमणूक लेथवर, प्रेसवर नाहीतर पेंट शॉपमध्ये असते. मात्र भोंगा वाजला की हातातले काम टाकून त्यांनी हायड्रंटकडे धावायचे असते. त्यांना होज जोडता येतो, तेलाच्या आगीवर पाणी मारायचे नाही हे ठाऊक असते, आणि बाहेर जमलेल्यांची हजेरी घेऊन कोण आत राहिले हे सांगता येते. संकटात शेजाऱ्याच्या मदतीला धावणारा, पोटापाण्यासाठी दुसरेच काम करणारा आणि तरीही शिकून तयार झालेला माणूस म्हणजे स्वयंसेवी अग्निशामक, असे मानले तर असे लोक इथे दोन पिढ्यांपासून आहेत. फक्त त्यांचे शेजारपण कंपनीच्या भिंतीपाशी संपते. ही भिंत ओलांडण्याची सोय केली पाहिजे, आणि तसे करणे धाडसाचे नसून व्यवहाराचे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

जगात अनेक ठिकाणी आग विझवण्याची सुरुवात सरकारने केलेली नाही, शेजाऱ्यांनी केली आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ काढली. तिच्या प्रत्येक सभासदाने घरी कातडी बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी मजबूत पिशव्या तयार ठेवायच्या, असा नियम होता. कसूर करणाऱ्याला दंड होई. दर महिन्याला बैठक, एकत्र जेवण आणि आगींविषयी चर्चा, असा तिचा रिवाज होता. चिलीमध्ये वालपरायसो बंदरात १८५१ मध्ये स्वयंसेवी दल उभे राहिले, आणि त्या देशात आजही आग विझवणारे लोक बिनपगारीच असतात. जर्मनीत तर सुमारे दहा लाख स्वयंसेवक अग्निशामक आहेत. तिथल्या खेडोपाडी गावचा बंब, त्याचे घर, त्याची बँडपथके, वार्षिक जत्रा आणि मुलांची प्रशिक्षण पथके हे सगळे मिळून गावाच्या सार्वजनिक जीवनाचा कणा बनलेले असते. या दलांचा वारसा जुन्या बंबांच्या प्रदर्शनात नसतो. दर आठवड्याला सरावाला जायचे, नवख्याला शिकवायचे आणि बोलावणे आले की जेवणावरून उठायचे, ही सवय बापाकडून मुलीकडे, मुलाकडे जाते. दल टिकते ते त्या सवयीवर.

आपल्याकडे ही सवय का रुजली नाही, याचे कारण लोकांच्या उदासीनतेत शोधण्यापेक्षा यंत्रणेच्या इतिहासात शोधावे. १८०३ मध्ये मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतरच्या शतकात मुंबईत जे अग्निशामक दल घडले ते आधी पोलिसांच्या हाताखाली आणि १८८७ पासून महापालिकेकडे होते. आग म्हणजे बंदोबस्ताचा आणि नंतर नगरपालिकेचा विषय, अशी त्याची मांडणी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती बदलली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नागरी स्वराज्य संस्थांचे काम म्हणून नोंदवले. स्वयंसेवकांची परंपराही आपल्याकडे होतीच, पण ती दुसऱ्या वाटेने गेली. होमगार्डची स्थापना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतच झाली, आणि १९६८ च्या कायद्याने नागरी संरक्षण दलाला आधार मिळाला. नागरी संरक्षणाच्या सेवांमध्ये आग विझवणेही येते. पण या सेवेची आठवण युद्धाचे ढग जमले की होते. ७ मे २०२५ रोजी देशभर सराव ठरला तेव्हा महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत पिंपरी-चिंचवडचेही नाव होते. शत्रूच्या बॉम्बने लागणाऱ्या आगीसाठी स्वयंसेवक हवेत हे आपण मान्य करतो. शॉर्ट सर्किटने लागणाऱ्या आगीसाठी मात्र ते कोणाला सुचत नाहीत.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास या बाबतीत उलट्या क्रमाने घडला, आणि तिथेच त्याचे वेगळेपण आहे. बहुतेक शहरांत आधी वस्ती, मग नगरपालिका आणि शेवटी कारखाने येतात. इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, साठच्या दशकात टेल्को, बजाज आणि त्यांच्या पाठोपाठ सुट्या भागांचे कारखाने आले, आणि नगरपालिका झाली ती ४ मार्च १९७० रोजी. महापालिका व्हायला १९८२ उजाडले. म्हणजे सुमारे दीड दशक या माळावर द्रावके, रंग, तेल, भट्ट्या आणि वायूंच्या टाक्या होत्या. पण स्वतःची म्हणावी अशी नगरपालिकाच नव्हती, तर तिचा बंब कुठून असणार! पुण्याहून मदत येईपर्यंत शेड वाचणार नाही, हे उमजलेल्या कारखान्यांना आपली सोय आपणच करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाकणनेही पुढे तोच क्रम गिरवला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, वासुली या गावांच्या शिवारात मोटारींचे अवाढव्य कारखाने उभे राहिले तेव्हा तिथला कारभार ग्रामपंचायतींचाच होता. चाकणची नगरपरिषद त्यानंतरची. त्यामुळे या साऱ्या पट्ट्यात अग्निशमनाचे ज्ञान प्रथम साठले ते कारखान्यांत.

हे ज्ञान नेमके काय असते? आगीच्या पहिल्या काही मिनिटांत जे घडते त्यावर पुढचे सगळे ठरते. बंद खोलीत किंवा शेडमध्ये वरच्या बाजूला गरम वायू साचत जातात, आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की खोलीतली प्रत्येक जळण्याजोगी वस्तू जवळजवळ एकदम पेट घेते. तिथवर पोहोचण्याआधी एक एक्स्टिंग्विशर पुरतो, त्यानंतर चार बंबही अपुरे पडतात. म्हणूनच कारखान्यातल्या पथकाला आधी शिकवतात ते आगीचे प्रकार: कागद-लाकूड-कापडाच्या आगीला पाणी, तेल आणि द्रावकाच्या आगीला फेस किंवा पावडर, विजेच्या पॅनलला कार्बन डायऑक्साइड, आणि मॅग्नेशियमसारख्या धातूच्या भुशाला पाणी लागूही द्यायचे नाही. मग हायड्रंटचा दाब, होजची घडी, मुख्य स्विच बंद करण्याचा क्रम, जमण्याची जागा आणि हजेरी. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल सक्तीची केली. या शिस्तीच्या कडेने एक छोटेसे सामूहिक जीवनही तयार झाले. मार्चच्या सुरक्षा सप्ताहातली शपथ, १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहातली प्रात्यक्षिके, होज जोडण्याच्या स्पर्धेत एका शॉपने दुसऱ्यावर केलेली मात, दसऱ्याला यंत्रांबरोबर बंबालाही झेंडूची माळ. बाहेरच्यांना यातले फारसे काही दिसत नाही, कारण हे सगळे गेटपासच्या पलीकडे घडते.

आणि आगी कुठे लागतात? माणसे मेली अशा अलीकडच्या आगी आठवल्या तर बहुतेकदा त्या या शिस्तीच्या बाहेर लागलेल्या दिसतात. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यात उरवडे इथल्या रसायन कारखान्यात १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक महिला होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या परवानगीशिवाय बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. सहा महिला त्याच दिवशी मरण पावल्या आणि पुढच्या दिवसांत उपचार घेणाऱ्यांपैकी आणखी काही जणी दगावल्या. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना वारंवार आगी लागत राहिल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली. मोठ्या कारखान्यांची भिंत संपते तिथे पत्र्याच्या शेडची ही दुनिया सुरू होते. मोठ्यांचे काम तिच्यावाचून अडते: पॅकिंगचे खोके, फोम, छोटे प्रेस पार्ट, रंगकाम, भंगाराची उचल हे सगळे तिथेच होते. कायदा मात्र तिच्यापर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचा अंमल विजेवर चालणाऱ्या युनिटमध्ये दहा आणि विजेशिवाय चालणाऱ्यात वीस कामगारांपासून सुरू होई. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले. म्हणजे जिथे पथक असण्याची शक्यता सर्वांत कमी, तिथेच तपासणीही सर्वांत विरळ.

सरकारी बंब वाढवले की प्रश्न सुटेल, असे यावर कोणी म्हणेल. वाढवलेच पाहिजेत, यात वादच नाही. शहरी भागात दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र, हा आपल्याकडचा प्रचलित निकष आहे. महापालिकेचे क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर धरले तर अठरा केंद्रे लागतात. ग्रामीण भागासाठी हाच निकष पन्नास चौरस किलोमीटरचा आहे, आणि कागदावर ग्रामीण राहिलेल्या पण प्रत्यक्षात औद्योगिक झालेल्या चाकण परिसराला तो लावणे हास्यास्पद आहे. पण केंद्रांची संख्या पुरी झाली तरी तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणि नाशिक महामार्ग तेच राहणार. पाळी सुटण्याच्या वेळी तिथे कंटेनर आणि कंपनीच्या बसगाड्यांची जी रांग लागते, तिच्यातून कितीही सायरन वाजवला तरी बंब उडून जाऊ शकत नाही. त्या रांगेच्या पलीकडे, आगीपासून दोनशे मीटरवर, प्रशिक्षित माणसे आणि भरलेली पाण्याची टाकी असलेला कारखाना असतो. त्या माणसांना बाहेर येण्याचा ना आदेश असतो, ना परवानगी, ना विमा. ही उणीव पैशाने भरून निघत नाही, कारण ती व्यवस्थेची आहे.

भिंत ओलांडण्याची कल्पना आपल्याकडे अगदी अनोळखी आहे असेही नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले, १९८९ चे नियम आले, १९९६ मध्ये जिल्हा आणि स्थानिक पातळीवरचे आपत्ती गट आले. याच काळात महाराष्ट्रातल्या रासायनिक पट्ट्यांत, ठाणे-बेलापूर आणि पाताळगंगा-रसायनीसारख्या ठिकाणी, कारखान्यांनी परस्पर साहाय्य गट बांधले. तुझ्याकडे गळती झाली तर माझा फेस-बंब येईल, माझ्याकडे झाली तर तुझे श्वसनसंच येतील, असा हा करार. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या आगीत एकमेकांच्या मदतीला धावतात, हे या गटांनी सिद्ध केले. त्यांची मर्यादा एवढीच, की हे शेजारपण बड्यांचे बड्यांशी आहे. वर्गणी भरणाऱ्या सभासदापलीकडे, बाराजणांच्या शेडपर्यंत किंवा कामगारांच्या चाळीपर्यंत, ते सहसा पोहोचत नाही.

फाटकाबाहेरही कच्चा माल तयार आहे. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ आणि मावळातली ‘वन्यजीव रक्षक’ या संस्थांचे कार्यकर्ते नोकरी-धंदा सांभाळून दरीत उतरतात, धरणात बुडालेल्यांना शोधतात. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला तेव्हा एनडीआरएफच्या जवानांबरोबर मावळातले असे स्वयंसेवकही पाण्यात होते. एनडीआरएफची पाचवी तुकडी याच परिसरात, सुदुंबऱ्याला आहे, ही आणखी एक जमेची बाजू. पुणे जिल्ह्यातल्या कित्येक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एकच क्रमांक फिरवला की चोरी, बिबट्या किंवा आगीची खबर शेकडो मोबाइलवर एकाच वेळी ऐकू येते. म्हणजे धावून जाणारी माणसे आहेत, हाक पोहोचवण्याची सोय आहे आणि शिकवणारे कारखान्यांत आहेत. या तिघांची गाठ मात्र कोणी घालून दिलेली नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप जिवाचा आहे. हौशी माणसांना आगीत पाठवायचे म्हणजे बळी वाढवायचे, असे अनुभवी अग्निशामक सांगतात, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. तळवड्यासारख्या शेडमध्ये, जिथे स्फोटक मिश्रण आहे, किंवा विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या साठवल्या आहेत अशा गोदामात, उत्साही तरुणाने बादली घेऊन शिरणे आत्मघातच ठरेल. म्हणून स्वयंसेवकाची हद्द काटेकोर आखावी लागेल: धुराने भरलेल्या इमारतीत शिरायचे नाही, छतावर चढायचे नाही, बंब आल्यावर सूत्रे त्याच्या अधिकाऱ्याकडे. त्या हद्दीतही काम पुष्कळ उरते. वीज तोडणे, माणसे बाहेर काढून मोजणे, शेजारची शेड रिकामी करणे, सिलिंडर हलवणे, बंबाला वाट आणि पाणी दाखवणे. त्याहून मोलाची आहे ती माहिती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर लागलेली आग विझवताना ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठींबरोबर शेकडो टन स्फोटके होती. प्रशिक्षण आणि शौर्य दोन्ही असूनही आत काय भरले आहे याचा हिशेब वेळेवर झाला नाही, तर काय होते, याचे ते भीषण उदाहरण आहे. कुठल्या शेडमध्ये थिनरचे पिंप आहेत, कुठे रात्री कामगार झोपतात, कुठल्या दाराला बाहेरून कुलूप असते, हे कंट्रोल रूमला माहीत नसते. गल्लीला माहीत असते. ते आधीच लिहून ठेवणारा स्वयंसेवक अग्निशामकांचाही जीव वाचवतो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे: स्वयंसेवक मिळाले की सरकार भरती थांबवेल. आशा सेविकांपासून होमगार्डपर्यंतचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण जर्मनीत मोठ्या शहरांना व्यावसायिक दल ठेवावेच लागते; स्वयंसेवक त्याच्या जोडीला असतात, त्याच्या जागी नसतात. आपल्याकडेही हीच अट लेखी हवी. इमारतीचा मालक किंवा ताबेदार यांच्यावर अग्निसुरक्षेची जबाबदारी टाकणारा आणि दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मागणारा २००६ चा महाराष्ट्र अधिनियम जसाच्या तसा लागू राहिला पाहिजे. उलट, अनुभव असा आहे की ज्या वस्तीत आगीविषयी जाणते लोक असतात, तिथूनच बंद हायड्रंट आणि अडवलेल्या रस्त्यांच्या तक्रारी नेटाने होतात. जाणता नागरिक प्रशासनाची जबाबदारी कमी करत नाही, तो ती वारंवार आठवून देतो.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा: उत्पादन थांबवून माणूस बाहेर कसा सोडायचा, त्याला इजा झाली तर भरपाई कोण देणार, आणि कंत्राटी कामगार वर्षभरही टिकत नसेल तर शिकवायचे कोणाला? पहिल्या दोन प्रश्नांना जर्मनीने दिलेले उत्तर सरळ आहे. बोलावणे आले तर मालकाने स्वयंसेवकाला सोडलेच पाहिजे, त्या वेळेचा पगार पालिका मालकाला भरून देते, आणि विमा सार्वजनिक असतो. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या चाकणच्या पट्ट्यातल्या जर्मन कंपन्यांना मायदेशी हे अंगवळणी पडलेले आहे. इथे ते अशक्य मानण्याचे कारण नाही. कंत्राटी कामगारांच्या फिरतीचा मुद्दा अधिक कठीण आहे. पण मराठवाडा, विदर्भ, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला तरुण कंपनी बदलतो तेव्हा तो पट्टा सोडतोच असे नाही. भोसरीतून मोशीला, मोशीतून कुरुळीला जातो. प्रशिक्षणाची नोंद कंपनीऐवजी परिसराच्या दलाकडे ठेवली तर माणूस बदलला तरी शिकवण वाया जात नाही. शिवाय परक्या गावी ओळख नसलेल्या माणसाला या दलातून जी ओळख आणि मान मिळेल, तो या कामाचा दुय्यम फायदा समजू नये. गणेश मंडळांसारखी ही दलेही पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर जातील, अशीही एक शंका आहे. त्यावर उपाय एकच: दलाचा प्रमुख निवडून येणारा नको, महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन अधिकाऱ्याने परीक्षा घेऊन नेमलेला हवा.

सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. अग्निशमन सेवा सप्ताहात दरवर्षी कंपन्यांच्या आवारात प्रात्यक्षिके होतातच. येत्या एप्रिलमध्ये प्रत्येक मोठ्या कंपनीने आपल्याला माल पुरवणाऱ्या दहा लहान युनिटांतले दोन-दोन कामगार आणि शेजारच्या गावातले दहा तरुण-तरुणी त्यासाठी आत बोलवावेत, आणि पुरवठादाराला काम देताना गुणवत्तेइतकीच या प्रशिक्षणाचीही अट घालावी. महापालिका, एमआयडीसी आणि चाकण नगरपरिषदेने त्या लोकांची नोंद करून विमा उतरवावा आणि वर्षातून दोनदा त्यांचा सराव घ्यावा. खर्च फारसा नाही. कवायतीची जागा, होज आणि शिकवणारे तिन्ही आधीच तयार आहेत. ज्या वाचकांचे कारखाने या पट्ट्यात आहेत, त्यांनी आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला एवढाच प्रश्न विचारावा: शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आज आग लागली, तर आपले पथक फाटकाबाहेर जाऊ शकते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते बदलण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही त्यांच्याकडेच आहेत.